रिकाम्या खुर्चीला समजावताना

"समजा, तू तान्हं बाळ आहेस..." ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली आणि मागून आवाज आला, "बरं, समजलो. पुढे?"

ती दचकलीच! विद्यापीठाच्या संगणक विभागाच्या व्हरांड्यात एक उंच तरुण चहाचा कप घेऊन उभा होता. पांढरा कोट, डोळ्यांत मिश्कील हसू.

"मी खुर्चीशी बोलतेय," ती फणकारली. "आमच्यात असंच करतात. प्रोग्राम अडला की कुणाला तरी मोठ्याने समजावायचा... चूक आपोआप सापडते. ताईंचा नियमच आहे."

ताई म्हणजे तिच्या मार्गदर्शिका. संगणकात संशोधन करणाऱ्या मुली अर्ध्यावर गळतात म्हणून विद्यापीठाने योजना काढली होती... एकेका मुलीच्या पाठीशी वर्षभर एकेक अनुभवी बाई. हिच्या वाट्याला आलेल्या ताई कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होत्या आणि जिभेने भलत्याच तिखट.

"मी दातांचा डॉक्टर. तपासणी शिबिराला आलोय," तो म्हणाला. "दिवसभर लोक माझ्यासमोर तोंड उघडतात, पण बोलत कुणी नाही. खुर्चीऐवजी मी चालेन?"

आणि बसलासुद्धा!

तिने सांगायला घेतलं. बाळाचं भुकेचं रडणं वेगळं, दुखण्याचं वेगळं. ती यंत्राला हा फरक शिकवत होती. पुष्कळ रडणी सरावाला द्यायची, थोडी परीक्षेसाठी राखायची. यंत्राला शंभरात शहाण्णव मार्क! तो प्रत्येक वाक्याला "मग?" म्हणे, आणि असा टक लावून ऐके की तिची जीभच अडखळे.

"मग काय... प्रत्येक बाळाच्या रडण्याचे तुकडे केले, सगळे एकत्र मिसळले, काही सरावाला घेतले, काही..." ती थांबली. चेहरा पांढराफटक. "अगं बाई! तीच बाळं सरावात, तीच परीक्षेत! यंत्र दुखणं नाही, बाळं ओळखतंय. माझा पेपरच फुटलाय!"

समितीसमोरचं सादरीकरण आठवड्यावर आलं होतं. तिथे नापास म्हणजे संशोधनाला कायमचा रामराम. तिने रडतच ताईंना फोन लावला.

"पाच मिनिटं रडून घे," ताई म्हणाल्या. "मग बाळं वेगळी कर आणि पुन्हा चालव. समितीला तूच आधी सांगायचं. चूक दुसऱ्याने पकडली तर नाचक्की, आपण पकडली तर संशोधन. कळलं?"

मार्क धाडकन खाली आले. ती पुन्हा कामाला भिडली. दवाखाना आटोपून तो रोज व्हरांड्यात हजर.

"आज कोण रडतंय? भुकेलेलं की दुखरं?"

"भुकेलेलं," ती म्हणायची आणि त्याच्या डब्यातलं अर्धं सँडविच पळवायची. समजावताना त्याच्या बाहीला तिचा हात लागे... आणि दोघंही उगाच स्क्रीनकडे बघत राहत.

सादरीकरणाच्या दिवशी समितीचे अध्यक्ष असलेले सर भुवया उंचावून म्हणाले, "त्र्याऐंशी? मागे तर शहाण्णव होते!"

"ते खोटे होते, सर. कसे खोटे, ते मीच दाखवते."

आणि तिने दाखवलं! आवाज एकदाही कापला नाही. समितीतल्या सर्वांत ज्येष्ठ बाईंनी चष्मा काढला. "मुली, आता आम्हालाही आमची जुनी कामं तपासावी लागणार." सर तेवढे हसले नाहीत, पण मंजुरीवर पहिली सही त्यांनीच केली. मागच्या रांगेतून ताईंनी चक्क शिट्टी मारली! "पुढच्या वर्षी एक नवी मुलगी तुझ्याकडे देणार आहे," त्या तिच्या पाठीत धपाटा घालत म्हणाल्या. "आता पळ. बाहेर कुणाचा तरी जीव टांगणीला लागलाय."

तो दाराशी येरझाऱ्या घालत होता. "काय झालं? सांगा ना!"

"मंजूर!" ती धापा टाकत म्हणाली. "आणि... मला तुम्ही आवडता. फार."

तो कानापर्यंत लाल झाला. "अहो, हे मी बोलणार होतो! आठवडाभर आरशासमोर तालीम करतोय..."

"मग उशीर केलात. आज मीच पहिली!"

सर, समिती, अख्खा विभाग दारातून बाहेर पडत होता. तिने सगळ्यांदेखत त्याचा हात घट्ट धरला आणि ताठ मानेने जिना उतरू लागली.