रिकाम्या मशीनचा आवाज

"खबरदार, ते खोकं उंबऱ्याच्या आत आलं तर!" मशीन-दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या बाबांनी दारात दोन्ही हात पसरले, आणि नवं वॉशिंग मशीन घेऊन आलेला त्यांचा मुलगा पायरीवरच घामाघूम होऊन उभा राहिला.

"बाबा, आईसाठी आणलंय. पुरे झालं आता ते जुनं!"

"पुरे? सगळ्या गल्लीची मशीनं मी उभी केली, आणि माझ्याच घरात नवं? विचार तुझ्या आईला, आपलं कसं चालतं ते!"

झालं! दोघांच्या नजरा आईकडे वळल्या आणि त्या माउलीची इकडे आड, तिकडे विहीर अशी गत झाली. सुजलेली मनगटं तिने पाठीमागे लपवली, ओठांवर हसू आणलं आणि म्हणाली, "चालतं की... छान चालतं!"

चार वर्षं ती हेच खोटं बोलत आली होती! लोकांनी जुनं टाकून नवं घ्यायचा सपाटा लावला, तेव्हा हे पुढच्या खोलीतल्या दुकानात दिवसभर माश्या मारत बसायचे; ना कुणाशी बोलणं, ना अन्नावर वासना... अशात घरचंच मशीन बंद पडलं. त्याचा ड्रम फिरवणारा पट्टा बाजारात मिळेना, म्हणून ह्यांनी भलत्याच मशीनचा पट्टा कापून-जोडून बसवला, ड्रम गरगर फिरला, आणि कित्येक महिन्यांनी ते लहान मुलासारखे हसले. "अगं, अजून हातात कला आहे माझ्या!" त्या हसण्यावरून तिने जीव ओवाळून टाकला असता, तिथे मनगटांची काय कथा!

कारण रिकामा ड्रम झकास फिरे, पण ओले कपडे पडले की पट्टा घसरे आणि ड्रम जागचा हलत नसे. आणि आमचे कारागीर पडले कानाचे पक्के! दुकानात बसल्या बसल्या आवाज ऐकायचा, मान डोलवायची, की दुरुस्ती पास. कपड्याला कधी हात लावून बघितला असेल तर शपथ! म्हणून ती मशीन रिकामंच चालू करी आणि त्याच्या घरघरीच्या आडोशाला बसून घरादाराचे कपडे हाताने पिळत राही.

"ऐकलंस? आता डोळ्यांनीही बघ!" बाबांनी मुलाला मोरीपर्यंत ओढत नेलं, बादलीतली भिजलेली चादर ड्रममध्ये टाकली आणि बटण दाबलं.

"अहो, राहू द्या ना... नको!"

मशीन गुरगुरलं, कण्हलं आणि गप्प झालं. त्यांनी चादर वर उचलली, तर पाण्याची धारच लागली. ते तिच्याकडे वळले, तिचे हात पुढे ओढून पाहिले, आणि त्या मानी माणसाचा चेहरा खर्रकन उतरला.

"किती दिवस चाललंय हे?"

"चार वर्षं..."

"अगं, परकं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला येतं! तू एका शब्दाने बोलली असतीस, तर दहा पट्टे बदलले असते मी!"

"बोलणारच होते हो... पण तुम्ही हसला होतात ना!" इतक्या वर्षांचा बांध फुटला आणि ती हमसून हमसून रडू लागली.

त्यांनी तिची मनगटं हलकेच सोडली. मग मुलावर खेकसले, "बघत काय उभा राहिलास? आण ते खोकं आत! चुकलं माझं... तुझं ऐकायला आणि हिच्याकडे बघायला हवं होतं. जोडणारा कधी येतोय?"

"उद्या, बाबा."

"मग आज ही चादर आपण पिळायची. धर ते टोक!"

आईला स्टुलावर बसवून बापलेक पिळायला लागले खरे, पण दोघंही पीळ एकाच अंगाला देत होते, त्यामुळे चादर नुसती गोल गोल फिरत राहिली.

"अहो, विरुद्ध बाजूंना पिळा!" रडता रडता तिला हसू फुटलं.

"झालं बघ," धापा टाकत ते म्हणाले.

"कसलं झालं? अजून पाणी आहे," तिने ठणकावून सांगितलं.

चार वर्षांतली तिची ही पहिली तक्रार! दोघांचेही डोळे भरून आले होते, पण पुसायला हात मोकळे नव्हते. बापलेक मुकाट्याने पुन्हा पिळू लागले.