आठापर्यंत मोज

कोर्टासमोरचा स्टुडिओ त्या दिवशी बंद होता, म्हणूनच मी मागच्या गल्लीतला तो जिना चढले... वर पाटी — 'जुन्या पद्धतीने काचेवर फोटो'. आणि दारात काळ्या बोटांचा एक मुलगा.

"हात धुतले नाहीत का?"

"धुतले. चांदीचं पाणी आहे, आठवडाभर जात नाही." तो हसला. "मी चिन्मय. बसा."

फोटो स्थळासाठी हवा होता. गोंदियाच्या मुलाच्या आजीला मोबाईलवरचं काही दिसत नव्हतं. हातात धरायला फोटो पाहिजे होता.

पहिल्या दुपारी माझी पापणी लवली. दुसऱ्या दुपारी मी हसले — तोच म्हणाला ना, "टिकली काळी येईन बरं, या काचेले लाल दिसतच नाही." दोन्हीदा त्याने काच पुसली. दोन्हीदा म्हणाला, "उद्या या."

आणि मी गेले.

आज तिसरी दुपार. खाली माझा भाऊ, चंद्रशेखरदादा, मोटारसायकलवर. मुलाचे मामा पाचच्या बसने गोंदियाला निघणार होते. त्यांच्या हाती फोटो पडला की रविवारी ते लोक येणार... आणि घरी आलेल्यांना नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

चिन्मयने काचेवर औषध ओतलं. गोडसर, डोकं जड करणारा वास. अंधाऱ्या खोलीतून तो ओली काच घेऊन धावतच आला. एप्रिलच्या उन्हात ती बघता बघता सुकते, आणि सुकली की संपलं. माझ्या डोक्यामागे लोखंडी टेकू लावताना त्याचं बोट कानाला लागलं...

"भिंगाचं टोपण परत लावेपर्यंत हलू नका. आठ मोजतो."

"एक... दोन... तीन..."

खाली हॉर्न.

"पाच... सहा..."

आणि मग काहीच नाही.

टोपण हातात धरून तो नुसता उभा होता. कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे बघत. माझे डोळे भरून आले, पण मी हलले नाही. पुन्हा हॉर्न. किती वेळ गेला कोण जाणे —

"अरे!" त्याने टोपण दाबलं.

आतल्या ट्रेमध्ये जास्त उजेड खाल्लेली काच उजळत गेली... उजळतच गेली. कपाळ गेलं, गाल गेले, ओठ गेले. दुधाळ पांढऱ्यात उरली फक्त टिकली. काळी.

"मोजायचं काहून थांबलात?" मी विचारलं.

"कोर्टासमोरचा स्टुडिओ कालच उघडला. पाच मिन्टात फोटो भेटला असता. तुम्ही काहून येऊन राह्यल्या?"

"मी आधी विचारलं."

तो काळी बोटं चोळत राहिला. "सहा म्हटलं... अन् आठवलं, आठ झाले की तुम्ही जाल."

"ऋते!" खालून दादा. "बस सुटून राह्यली! झाला का फोटो?"

मी गॅलरीत गेले.

"नाही झाला, दादा. मामाजीले सांग, होणारही नाही. रविवारी कोणी येऊ नका म्हणावं."

"पागल झाली का? आईले काय सांगू?"

"आईले मी सांगते. तू दहा मिन्ट थांब."

हॉर्न वाजला नाही. मी येऊन खुर्चीत बसले.

"दुसरी काच ओत," मी म्हटलं. "या वेळी मी मोजते. तू नुसता बघ."

"अन्... आठ झाले की?"

"नऊ."