वडिलांच्या पश्चात

“पंखा हाय का नुसती घरघर? वारं वरच्या वरच खातंय मेलं.”

गोजाबाई आपल्याशीच पुटपुटत होत्या, पण ते पुटपुटणं थेट प्रभुलिंगकाकांच्या कानात जात होतं. सोलापूरच्या नव्या पेठेतल्या त्या खोलीत सरकून बसायला जागाच नव्हती. खाली लॉन्ड्री, वर ही खोली आणि दारावर पाटी : ‘पूनम चौकशी केंद्र’. मुलाची नोकरी खरी आहे का, मुलीकडचे लोक कसे आहेत, अशा लग्नाआधीच्या चौकशा इथं व्हायच्या. एस.टी.तून निवृत्त झाल्यापासून काका इथंच असत. स्कूटर माझी आणि डोकं पूनमताईंचं, असं तेच सांगत.

गोजाबाईंच्या शेजारी त्यांची मुलगी बसली होती. रुपाली. सांगोल्याकडची, इथं बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला. रडून झालं होतं तिचं. आता नुसता राग उरला होता.

काकांचं मन भरून आलं. “धीर धरा वहिनी. मालक गेल्यावर एकटीनं पोरीला इथवर आणलंत, हे काय थोडं झालं?”

गोजाबाईंनी मान वळवली. “कोन गेलं?”

“म्हणजे... तुमचे...”

“जित्ता हाय की माजा मालक! मेंढरं घिऊन नदीकडं गेलाय. सकाळच्या पारी काय अभद्र बोलताय वो?”

काकांची नजर नको तिथं, त्यांच्या कोऱ्या कपाळाकडे गेली आणि गोजाबाईंनी ती बरोबर पकडली.

“टिकलीच्या डिंकानं चट्टा पडला हितं. डाक्टरनं बंद केली. तवापासनं बिरोबाचा भंडारा लावते. घामानं ऱ्हातो व्हय तो? आन् मनी पदराखाली हायती. दावू का भाईर काढून?”

पूनमताई हसल्या नाहीत. त्या काकांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “काका, माफी मागा आणि चहा सांगा. आणि रुपाली, तू पहिल्यापासून सांग.”

रुपालीनं सांगितलं. मेंढीच्या लोकरीतल्या मेणचट थरात काही जिवाणू राहतात. सोलापुरातल्या रंगाईच्या घाण पाण्यातला रंग ते खाऊन टाकतात, हे तिला प्रयोगशाळेत दिसलं. त्यावर तिनं वर्षभर काम केलं, जर्मनीतल्या एका विद्यापीठात उन्हाळ्याच्या संशोधन इंटर्नशिपसाठी अर्ज केला आणि तिची निवडही झाली.

“आणि मागच्या शनिवारी माझ्याच मेलवरून त्यांना नकार गेला. मी पासपोर्टच्या फोटोला गेले होते तेव्हा. विभागाच्या कॉम्प्युटरवरून गेलाय.”

“तुझा मेल तिथं उघडा असतो?”

“सगळ्यांचाच असतो ताई. हॉस्टेलला नेट नाही. कदम सर म्हणतात, आपला विभाग म्हणजे एक घर. घरात कुलपं कशाला?”

“घरातल्याच चोऱ्या सापडत नाहीत, पोरी. काय लिहिलंय त्यात?”

मजकूर इंग्रजीत होता. रुपालीनं दात आवळून अर्थ सांगितला. ‘आपले आभार. परंतु वडिलांच्या पश्चात माझी आई एकटी असून तिला सोडून तीन महिने परदेशी राहणे मला शक्य नाही. माझी निवड रद्द करावी.’

“मुडदा बशिवला त्या लिवणाऱ्याचा!” गोजाबाई म्हणाल्या.

काकांनी चहात मान घातली.

तिकडच्या प्राध्यापक बाई भल्या होत्या. नकार रुपालीचा नाही असं विभागानं कळवलं, तर जागा तिचीच, असं त्यांनी लिहिलं होतं. उद्या दुपारी त्या व्हिडिओवर बोलणार होत्या. नाहीतर यादीतलं पुढचं नाव घेणार.

“पुढचं नाव कुणाचं?”

“आरोहीचं. माझ्याच वर्गातली. मैत्रीण आहे.”

“आणि विभाग कळवत का नाही?”

“सर म्हणतात, कुणी पाठवला ते आपण कसं सांगणार? तुझ्याच घरचं कुणी असेल. त्या दिवशी माझा भाऊ डबा घेऊन आला होता. तिथंच बसला होता तासभर.”

“बिरूला मदी घालू नगंस,” गोजाबाई म्हणाल्या. पण आवाजातला जोर कमी झाला होता.

*

बिरुदेव चिंचोळी एमआयडीसीत कामाला होता. कारखान्याच्या फाटकाबाहेर तो स्कूटरला टेकून उभा राहिला. स्कूटर काकांची होती, पण त्याच्या मनगटाकडे बघून काकांनी ते चालवून घेतलं.

“तुला ती जायला नको होती,” पूनमताईंनी एकदम म्हटलं.

“नगंच हुती. माढ्याचं स्थळ आलंय. जर्मनीला जाऊन आल्यावर कोन करंल तिला? त्वांडावर बोललो मी तिच्या. भ्यायलो न्हाय.”

“मग नकार तूच पाठवलास?”

“मी?” तो ताडकन सरळ झाला. “मला अडवायची असती तर आडवा पडलो असतो दारात. बाऽला मेला म्हून लिवीन मी? जित्त्या बाला? जीभ झडंल की माजी!”

परतीच्या वाटेवर काका म्हणाले, “राग नाटकी वाटला मला.”

“मला खरा वाटला. पण नुसत्या रागावर कुणाला सोडायचं नसतं.”

आरोही कॉलेजच्या कँटीनमध्ये भेटली. नखं कुरतडत होती. शनिवारी ती विभागात होती, हे तिनं विचारायच्या आधीच सांगितलं.

“सगळे माझ्याकडेच बघतायत. नंबर माझा लागणार ना! काही विचारलं की ‘हो की गं, तुझं बरं झालं’, असं म्हणतात.”

“झालंच की बरं,” पूनमताई म्हणाल्या.

आरोहीचे डोळे भरले. “असलं बरं नको मला.”

“रुपालीच्या वडिलांना पाहिलंयस कधी?”

प्रश्न ऐकून काकाही चमकले. आरोही मात्र पहिल्यांदाच हसली. “लोकरीचे नमुने आणायला आम्ही दोघीच जायचो ना कळपावर. तिचे बाबा जन्मापासून बोलत नाहीत. पण शिट्टी मारली की अख्खा कळप वळतो! मला हातानं खुणावून मेंढीच्या दुधाचा चहा प्यायला लावला. नको म्हटलं तर काठी उगारली, खोटी खोटी.”

“दोघीच जायचा?”

हसू मावळलं. आरोही पुन्हा नखांकडे वळली. “हो... म्हणजे सर काय म्हणतात ते विचारा तुम्ही. मला प्रॅक्टिकल आहे.” आणि ती उठून गेली.

“काहीतरी लपवतेय,” काका कुजबुजले. “हीच.”

“लपवतेय खरं,” पूनमताई म्हणाल्या. “पण काय, ते बघायचं.”

विभागप्रमुख डॉ. सयाजी कदम यांनी बसायला सांगितलं आणि आधी भिंतीवरचा सत्काराचा फोटो दाखवला. रंगाच्या पाण्यावरचा त्यांचा शोधनिबंध नुकताच परदेशात छापून आला होता.

“रुपालीच्या कामावरचा?” पूनमताईंनी विचारलं.

“विभागाच्या कामावरचा,” सर मृदूपणे म्हणाले. “मुलं हात लावतात, डोकं आमचं असतं. टेबलाशी बसून होत नाही बाई हे. मी स्वतः कळपामागे रानोमाळ हिंडलोय. त्या धनगराशी बांधावर बसून तासन्‌तास गप्पा मारल्यात. तेव्हा कुठं दिसतं.”

“रुपालीच्या घरच्यांना ओळखता?”

“आईला पाहिलंय, प्रवेशाच्या वेळी. बिचारी. तुम्ही भावाला विचारा. घरचा कर्ता तोच, त्यालाच बहीण जायला नकोय. आम्ही काय, आमची मुलगी गेली तर आनंदच की! रुपाली काय, आरोही काय.”

बाहेर आल्यावर पूनमताई भराभर जिना उतरल्या. त्या अशा उतरल्या की काकांना कळायचं, बाईंचं डोकं तापलंय.

“भाऊच ना?” त्यांनी धापा टाकत विचारलं.

“काका, तुम्ही आज माझं निम्मं काम केलंत.”

“मी? मी काय केलं?”

“चूक केलीत. आता गाडी काढा.”

*

दुसऱ्या दिवशी दुपारी विभागाच्या कॉम्प्युटरवर जर्मनीच्या बाई दिसायला लागल्या. चष्मा, पिकलेले आखूड केस. पूनमताईंनी त्यांना रुपालीकरवी दोन मिनिटं थांबायची विनंती केली आणि आवाज बंद केला. खोलीत कदम सर, आरोही आणि रजा टाकून आलेला बिरुदेव होता. गोजाबाई उभ्याच होत्या. बसा म्हटलं तरी बसेनात.

“शनिवारी इथं तिघं होते. सर, आरोही आणि बिरुदेव,” पूनमताई म्हणाल्या. “तिघांनाही मेल पाठवता आला असता, आणि तिघांनाही कारण होतं. म्हणून मी कारणांचा नादच सोडला. मजकूर बघितला.”

“त्यात काय बघायचं?” सर म्हणाले. “कुणीतरी थाप मारली.”

“थाप कशी मारतात सर? एस.टी.त रजेसाठी काय सांगायचे हो काका?”

“आजी वारली,” काका म्हणाले. “काल रात्री.”

“काल रात्री! थापेतलं मरण ताजं असतं, कारण अडचण ताजी दाखवायची असते. ‘वडील गेले’, ‘वडील अत्यवस्थ आहेत’. इथं काय लिहिलंय? ‘वडिलांच्या पश्चात आई एकटी.’ जणू माणूस जाऊन वर्षं झाली, सगळ्यांना माहीत आहे. हे लिहिणारा या वाक्यात थाप मारतच नव्हता. त्याला ते खरं वाटत होतं.”



“बिरुदेवला आपला बाप जिवंत आहे हे माहीत आहे. आरोही लोकरीचे नमुने आणायला त्याच्याच कळपावर जायची, त्याच्या हातचा चहा प्यायली आहे. मग रुपालीला वडील नाहीत, असं वाटेल कुणाला? ज्यानं आईला एकदाच बघितलं, कपाळ वाचलं आणि काही न विचारता हिशेब लावून टाकला, त्याला. आमच्या काकांनी काल तेच केलं. भला माणूस, पण आपल्याकडं बाईचं कपाळ वाचायची खोड सगळ्यांनाच. सर, तुम्ही यांना प्रवेशाच्या वेळी पाहिलंत. काल मला म्हणालात ‘बिचारी’. म्हणालात, ‘घरचा कर्ता तोच’. बाप असताना मुलगा कर्ता कसा झाला?”

कदम सर हसले. त्यांना हसता आलं, याचाच काकांना संताप आला.

“बाई, बोलण्यावरून फासावर चढवता? आणि तुमचा तर्क इथंच कोसळतो. त्या कळपावर मी स्वतः गेलोय. मालकाला भेटलोय. मग तो मेलाय असं मला वाटेलच कसं?”

“बरोबर,” पूनमताई म्हणाल्या. “गेला असाल, तर मेल तुमचा नाही. काय बोलणं झालं मालकाशी?”

“सगळंच. चारा, पाऊस, रोगराई. बोलका माणूस. मला सोडेचना.”

बिरुदेवच्या तोंडून हुंकारासारखा आवाज निघाला. गोजाबाई एक पाऊल पुढे आल्या. मग सावकाश म्हणाल्या, “सायेब, माजा मालक मुका हाय. जल्मापासनं.”



“तुम्ही तिथं कधी गेलाच नाहीत,” पूनमताईंचा आवाज चढला नाही, पण धारदार झाला. “पोरींनी आणलेल्या नमुन्यांवर तुमचं नाव लागलं. रुपाली तिकडं गेली असती, तर पहिल्याच आठवड्यात या बाईंना कळलं असतं की काम कुणाचं आहे. आरोही गेली तर तिला या कामाबद्दल कुणी विचारणार नाही, विभागाचं नावही होणार आणि तुमचंही झाकलं जाणार. म्हणून नकार पाठवलात. कारण सुचेना, तेव्हा तुमच्या मते खरं होतं तेच लिहिलंत. बिनधास्त.”

“पुरावा काय?” सर ओरडले. “एका अडाणी बाईच्या शब्दावर? ही मुलं माझ्याविरुद्ध एक अक्षर बोलतील का विचारा. निकाल माझ्या हातातून जातो यांचा!”

खिडकीच्या काचेवर रुपालीची मूठ टेकलेली होती.

पूनमताईंनी आवाज सुरू केला. जर्मनीच्या बाईंनी चष्मा सावरला. त्यांना गोंधळ दिसत होता, कळत नव्हता. त्यांनी शांतपणे एकच विचारलं. मी कुणाला बोलवायचं ते मला ठरवायचंय. हे काम मुळात कुणाचं आहे?

रुपाली बोलली असती, तरी ते तिचं स्वतःचंच म्हणणं ठरलं असतं. सर खुर्ची ओढत पुढे झाले. “मॅडम, आमच्या विभागाची अशी पद्धत आहे की...”

“सर, सरका,” आरोही म्हणाली.

काकांना वाटलं, पोरगी घाबरून पळणार. तिची नखं रक्ताळली होती. यादीतलं पुढचं नाव तिचंच होतं आणि गप्प राहिली असती, तर विमानाचं तिकीट तिच्याच नावावर निघालं असतं. ती पडद्यासमोर आली. इंग्रजी अडखळत होतं, आवाज अडखळत नव्हता.

“हे काम रुपालीचं आहे. आमच्या सरांनी ते चोरलं. आमच्या आधीच्या मुलांचंही चोरलं होतं. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.”