दुखणं शून्य

तो दिवा जरा इकडे सरकवा, आणि सांगता सांगता मी चिडलो तर मनावर घेऊ नका. या गोष्टीत मला आधी राग येतो. भीती मागून येते.

काम साधं होतं. वस्तीच्या टोकाला असलेल्या एका शुश्रूषागृहात मी आणि माझ्या भागीदाराने प्रत्येक खाटेला एक पांढरी पेटी बसवली होती. पेटीवर चित्रं: पाणी, दुखतंय, सोबत हवी. पेशंटने चित्र दाबायचं, मग किती दुखतंय तो शून्य ते दहामधला आकडा दाबायचा. ही रिक्वेस्ट आमच्या सर्व्हरवर यायची आणि सिस्टरांच्या टेबलावर घंटा वाजायची. मध्ये एक पहारेकरी होता. म्हणजे आमचं फ्रेमवर्क, सर्व्हरवरचा तयार प्रोग्राम. ते रिक्वेस्टमधून माहिती वेचून काढायचं आणि बघायचं, की आकड्याच्या जागी आकडाच आहे ना, आणि एकच आहे ना. जरा वेगळं काही दिसलं, की रिक्वेस्ट दारातूनच परत. घंटा नाही, पेटीवर नुसता लाल दिवा. मला हा पहारेकरी फार आवडायचा. माणसांइतका बडबड्या नव्हता.

तिथल्याच एका खोलीत माझी आत्या होती. मला तिनेच वाढवलं. मला ती ‘चिडक्या’ म्हणायची, आणि तो हक्क फक्त तिचा होता. तिच्या छातीत दुखायचं. दुखलं की लगेच जिभेखाली गोळी ठेवावी लागायची, आणि ती तिला स्वतःला घेता यायची नाही, म्हणजे घंटा वाजलीच पाहिजे. साऱ्या इमारतीतल्या पेट्या शहाण्यासारख्या चालत होत्या, आणि नेमका हिच्याच पेटीवर लाल दिवा लागायला लागला.

मोठ्या सिस्टरांनी मला बोलावून घेतलं. “आज दुरुस्त झालं तर ठीक,” त्या म्हणाल्या, “नाहीतर पेट्या काढून न्या. आमची साधी घंटी बरी होती.”

मी लॅपटॉप घेऊन आत्याच्या खाटेपाशी स्टुलावर बसलो. दुपारची विश्रांतीची वेळ होती. पडदे ओढलेले, पलीकडच्या खाटांवरून झोपेतले जड श्वास, आणि फिनेलच्या वासाखाली दुसराच एक वास, ओलं फडकं बंद कपाटात राहून गेल्यासारखा. मी आत्याला बटण दाबायला सांगितलं. तिने ‘दुखतंय’ दाबलं, मग सहा. लाल दिवा लागला. मी लॅपटॉपच्या पडद्यावर पाहिलं. दुखण्याच्या जागी दोन आकडे आले होते. शून्य आणि सहा. मागणीच्या जागीही दोन: सोबत हवी, दुखतंय.

“दोनदा दाबलंस का?”

“एकदाच दाबलं रे.”

मी पेटी बदलली. तार बदलली. सगळा कोड वरपासून खालपर्यंत वाचला. मी दाबलं की एकच आकडा यायचा, सिस्टरांनी दाबलं तरी एकच. आत्याने दाबलं की दोन, आणि शून्य नेहमी आधी. माझं डोकं फिरायची वेळ आली. भागीदाराला फोन केला तर तो जेवत होता.

“बटण अडकत असेल,” तो घास चावत म्हणाला. “पहिला आकडा घे, बाकीचे सोडून दे. सगळे तेच करतात. एक ओळ तर लिहायची.”

बटण अडकलं असतं तर सहा दोनदा आला असता. हे मला तेव्हाच दिसत होतं. पण सकाळपासून पोटात अन्न नव्हतं, वर सिस्टर दर थोड्या वेळाने दारात येऊन उभ्या राहत होत्या. मी ती ओळ लिहिली. पहिला घे, बाकीचे सोड. पहारेकऱ्याला सांगितलं, की गर्दी दिसली तर सगळ्यात पुढच्याला आत घे आणि दार लाव.

आत्याने बटण दाबलं. लाल दिवा लागला नाही. लांब, टेबलावर घंटा वाजली. मी इतका कातावलो होतो, की टेबलावर नक्की काय उमटलं ते बघायलाही गेलो नाही.

लॅपटॉप मिटताना आत्या हळूच म्हणाली, “चिडक्या... मी बटण दाबते ना, तेव्हा माझ्या बोटावर कुणीतरी बोट ठेवतं.”

“सिस्टर असतील.”

“नाही रे... सिस्टरांचे हात गरम असतात.”

औषधांनी असं होतं, असं मी तिला म्हणालो. पांघरूण नीट केलं आणि निघालो. अजून थोडा बसलो असतो तर माझं काय बिघडलं असतं?

पुढे काही दिवस सगळे खूश होते. सिस्टर फोनवर म्हणाल्या, “तुमच्या आत्या आता छान आहेत. दुखणं शून्य. फक्त सोबत हवी म्हणतात, जमेल तशी कुणीतरी जाते.” मलाही बरं वाटलं. दुखणं शून्य, यापेक्षा चांगली बातमी काय असणार?

ती गेली तेव्हाही दुपारच होती. गोळी उशाशी होती, बोट पेटीवर होतं. टेबलावर घंटा वाजली होती, अनेकदा वाजली होती. प्रत्येक वेळी सोबत हवी, दुखणं शून्य. सिस्टर दुसऱ्या पेशंटचं अंग पुसत होत्या, त्या म्हणाल्या येते. मी घरी येऊन सर्व्हर उघडला आणि माझ्या ओळीने सोडून दिलेले आकडे पाहिले. शून्य, नऊ. शून्य, दहा. शून्य, दहा. शून्य, दहा. आत्या सांगत होती. तिच्यापुढे कुणीतरी उभं होतं, आणि मी त्यालाच आत घेत होतो.

मी ती ओळ खोडून टाकली. भागीदाराशी भांडलो, त्याचा काही दोष नसताना. सिस्टरांना काय सांगायचं तेच सुचेना, म्हणून काहीच सांगितलं नाही.

मग त्या खाटेवर नव्या बाई आल्या. आयुष्यभर शिवणकाम केलेल्या, बोटं वाकडी झालेल्या, स्वभावाने गोड. आणि सिस्टरांचा फोन आला. “पुन्हा लाल दिवा लागतोय हो.”

मी गेलो. तेच ओढलेले पडदे, तोच वास. बाईंनी ‘दुखतंय’ दाबलं, मग चार. मी लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलं.

शून्य, शून्य, चार.

मागणीच्या जागी: सोबत हवी, सोबत हवी, दुखतंय.

मी आधी बाईंचं काम केलं. आलेल्या आकड्यांतला सगळ्यात मोठा घे, आणि मागणीही त्याचीच, असं लिहिलं. बाईंनी पुन्हा दाबलं तेव्हा टेबलावर ‘दुखतंय, चार’ उमटलं, आणि हे मी या वेळी स्वतः जाऊन पाहिलं. सिस्टर गोळी घेऊन आल्या. काम संपलं होतं. मला निघता आलं असतं.

मी परत जाऊन स्टुलावर बसलो. चिडलो नव्हतो, घड्याळही पाहिलं नाही. बराच वेळ नुसता बसून राहिलो. पलीकडे कुणीतरी झोपेत कण्हत होतं. मनातल्या मनात मी आत्याशी काय काय बोललो, ते तुम्हाला सांगणार नाही.

मग बाईंना पाणी हवं होतं. त्यांनी बटण दाबलं, दुखणं दोन. मी सवयीने पडद्याकडे पाहिलं.

शून्य, दोन.

एक शून्य गेलं होतं. कुठलं गेलं ते मला कुणी सांगायला नको होतं. माझे डोळे भरून आले, त्याची लाजही वाटली नाही. दुसरं शून्य मात्र तिथेच होतं. ते आत्याच्याही आधीचं. त्याच्यासाठी कुणी येऊन बसलं होतं की नाही, कोण जाणे.

सिस्टर पाणी देऊन गेल्या. बाईंनी डोळे मिटले.

“तुम्ही बसलात, बरं वाटलं,” त्या झोपेच्या आवाजात म्हणाल्या. “फक्त जरा सरकून बसा... तुम्ही मध्ये येताय. त्यांना मी दिसत नाही.”

“कुणाला?”

बाईंचा श्वास झोपेने जड झाला होता. मी स्टूल उचललं आणि सरकलो. कुठल्या बाजूला सरकायचं, ते विचारायचं राहून गेलं.