आतून ऱ्हस्व, बाहेरून दीर्घ

पहिल्याच दिवशी तिनं त्याचा घोटाळा करून ठेवला होता. छापखान्याच्या अरुंद दारातून ती घाईघाईनं आत शिरली, तो जुळवलेल्या खिळ्यांची ताटली घेऊन बाहेर निघाला, आणि पुढचं सांगायला नकोच! शिशाची बारीक बारीक उलटी अक्षरं फरशीभर झाली. दुपारभर दोघं गुडघ्यांवर बसून ती वेचत होती.

"मी नवीन मुद्रितशोधक," ती ओशाळून म्हणाली.

"म्हणजे चुका शोधणार," त्यानं मान वर न करता विचारलं, "की करणार?"

त्याला आता तीन वर्षं झाली. तो खिळे जुळवायचा म्हणून सगळे त्याला खिळ्या म्हणत, आणि ती वेलांट्यांवरून भांडायची म्हणून तिचं नाव वेलांटी पडलं. मागच्या शनिवारी छापखान्याला कायमचं कुलूप लागलं. तेव्हा पुस्तकं बांधणारा डिंक म्हणाला, "आयुष्यभर पानं चिकटवली, आता आपणच सुटे होतोय. चला, एकदा डोंगर तरी बघून येऊ!" त्यानं मेव्हण्याची गाडी मागून आणली. डिंकाची बायको छापखान्यात पानांच्या घड्या घालायची, ती सगळ्यांची वहिनी. असे चौघे भर थंडीत निघाले.

वेलांटीच्या पिशवीत एक कागद होता. लांबच्या शहरातल्या मोठ्या प्रकाशनसंस्थेत ती सोमवारी रुजू होणार होती, आणि कागदावर एक खूण करायची राहिली होती: एक वर्षासाठी, की कायम. हे चौघांनाही ठाऊक होतं. वर्षभरानं परत यायचं तर परत बोलावणारं कुणीतरी हवं ना! आणि ते 'कुणीतरी' पुढच्या सीटवर बसून डिंकाला वळणं सांगत होतं, टायरमधल्या हवेबद्दल बोलत होतं, ढगांबद्दल बोलत होतं... नको ते सगळं बोलत होतं.

आधी उघडेबोडके तपकिरी डोंगर लागले, काटेरी झुडपांचे. मग पायऱ्यापायऱ्यांची शेतं, धुक्यात अर्धी बुडालेली. मग रस्ता एका दरीच्या कडेकडेनं गेला आणि खाली हिरव्या पाण्याची नदी दिसली. वहिनी डोळे मिटून डिंकाला म्हणाली, "अहो, नदी मी बघते, तुम्ही रस्ता बघा!" सगळे हसले. छापखान्यात दुपारच्या चहाला असंच हसायचे, शाईचा वास अंगावर घेऊन. वेलांटीला एकदम भरून आलं आणि ती काचेबाहेर बघत राहिली.

"ए, जरा बघ गं, काही राहिलं का," म्हणत वहिनीनं तिच्या हातात सामानाची यादी दिली. यादी खिळ्यानं लिहिली होती. सवयीनं वेलांटीचा हात अंबाड्यात खोचलेल्या लाल पेन्सिलीकडे गेला. 'कानटोप्या आणि मोजे, किटली आणि कप, दोरी आणि बॅटरी...' पेन्सिल तशीच थांबली.

आता इथं सांगायला हवं, की खिळ्या रोज पहिल्या पानावर 'आणी' जुळवायचा. दीर्घ! आणि ती रोज खाली येऊन तणतणायची, "अरे बाबा, शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ असते, पण 'आणि'ची नाही! कितीदा सांगू?" तो शांतपणे म्हणायचा, "हो का? विसरलो."

देवदारांच्या जंगलात गाडी थांबली. झाडांखाली जुना बर्फ पडून होता. खिळ्या तिला थर्मासमधला चहा द्यायला आला.

"खिळ्या, 'आणि' कसं लिहितात रे?"

"दीर्घ... नाही का?"

"मग ही यादी तुझ्या भुतानं लिहिली? चौदा 'आणि' आहेत. चौदाही बरोबर!"

त्याचे कान लाल झाले. "थंडी फार आहे, नाही?"

"विषय बदलू नकोस. मालकांनी सगळ्यांदेखत तुझी खरडपट्टी काढली होती. 'ह्याला पुन्हा पहिलीत बसवा' म्हणाले. मीच तक्रार केली होती! तू गप्प का बसलास?"

त्यानं कप दोन्ही हातांत फिरवला. "तुझी खोली वर, माझी खाली. मध्ये सतरा पायऱ्या. चूक नसती तर... तू कशाला उतरली असतीस?"

वाफेआडून तिनं त्याच्याकडे बघितलं. "मग?"

"मग... काय?"

पीं पीं पीं! डिंकानं हॉर्न वाजवला. "अरे चला, घाट अजून चढायचाय!" आणि हा पठ्ठ्या खरंच चालू लागला, जणू सुटलाच. तिचा जीव नुसता जळला. तीन वर्षं रोज एक चूक करायला जमली, एक वाक्य बरोबर बोलायला जमेना!

"भांडलात?" गाडीत वहिनीनं हळूच विचारलं.

"भांडायला समोरच्यानं बोलावं लागतं, वहिनी."

वहिनीनं तिचा हात आपल्या शालीखाली घेतला आणि मुक्कामाच्या गावापर्यंत सोडला नाही.

सकाळी खिंडीतलं ते गाव पांढरंशुभ्र होतं. आज परत फिरायचं. वेलांटी सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसली, मागे, हाताची घडी घालून. काचांवर बाहेरून हिमाचा थर चढला होता. डिंक पुढची काच खरवडत होता. तिनं पिशवीतून कागद काढला, लाल पेन्सिल काढली. 'कायम'वर टोक टेकवलं.

तेवढ्यात तिच्या बाजूच्या काचेवर चर्र आवाज झाला. बाहेरून एक बोट हिमावर काहीतरी काढत होतं.

"हे काय गिरबटतोयस?" बाहेर डिंक म्हणाला. "ही कुठली लिपी?"

"अहो, तुम्ही इकडे या," वहिनी म्हणाली. "ते आपल्यासाठी नाहीये."

खिळ्यानं जन्मभर उलटी अक्षरं हाताळलेली. तो उलटं लिहीत होता, म्हणून आतून ते सुलट दिसत होतं. एकेक अक्षर उमटत गेलं.

'मी वाट बघिन.'

वेलांटीचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले, पुन्हा वाचलं. आणि मग... सवय कुठे जाते! दार उघडून ती खाली उतरली.

"चूक आहे."

"कुठे?" तो कासावीस झाला.

"'बघीन'ची वेलांटी ऱ्हस्व काढलीयस."

"छे! दीर्घच आहे, ही बघ."

"तुझ्या बाजूनं. माझ्या बाजूनं बघ ये."

ती परत आत सरकली, तो येऊन तिच्याशेजारी बसला. बघितलं. "अरेच्चा!" सगळी अक्षरं त्यानं नीट उलटवली होती, 'घ'ची वेलांटी तेवढी सुलट राहिली होती. बाहेरून दीर्घ, आतून ऱ्हस्व.

"ही पण मुद्दाम?" तिनं विचारलं.

"नाही गं. शप्पथ. ही खरीच चुकली."

ती हसली, रडता रडता हसली. "वर्ष आहे रे पुरं. ऱ्हस्व वाट बघून भागायचं नाही."

"जुळवून देतो," तो म्हणाला आणि धडपडत बाहेर गेला. चिमूटभर हिम दाबून त्यानं ती वेलांटी बुजवली आणि दुसऱ्या बाजूला काढली, चांगली लांबलचक, पार काचेच्या खालपर्यंत.

वेलांटीनं कागदावर 'एक वर्षासाठी'वर खूण केली. मग पुढच्या दोन सीटांमधून वाकून, डिंकानं साफ केलेल्या समोरच्या काचेवर तिनं आतून श्वास सोडला आणि धुरकट जागेवर बोटानं लिहिलं: 'येईन.'

बाहेरून ते उलटं होतं. डिंकाला काही कळलं नाही, वहिनीनं नुसताच पदर तोंडाला लावला. खिळ्या काचेशी वाकून ओठ हलवत एकेक अक्षर वाचत होता. 'ई'शी जरा थांबला, नीट बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच तो तिचं लिहिलेलं तपासत होता.

"बरोबर आहे!" तो ओरडला.