बर्फाला घाम येईपर्यंत

“मॅडम, लवकर द्या ना... तठे बाया खोळंबल्यात!”

बादलचं मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. लसींचा निळा डबा त्याने माझ्या टेबलावर ठेवला – ठेवला कसला, आदळलाच – आणि रुमालाने मान पुसत उभा राहिला. नेहमी डबा नेणारे आबा आजारी पडले होते, म्हणून उपकेंद्राचा हा नवा आरोग्य सेवक स्वतःच घाट उतरून आला होता. मी डीप फ्रीझरमधून आइसपॅक काढले आणि डब्यात न भरता टेबलावर मांडले.

“बसा, बादल भाऊ. बर्फाला घाम येऊ दे.”

“घाम? बर्फले?”

“वरून ओला झाला, हलवल्यावर आत पाणी वाजलं, की मग लस ठेवायची. कडक बर्फाला टेकली तर लस गोठते. नंतर दिसायला तशीच दिसते, पण बाळाला टोचून उपयोग शून्य.”

“आन हे कळतं कोनाले?”

“कोणालाच नाही. म्हणून तर थांबायचं.”

तो हसला. वीज गेली की जनरेटर बघायला धावणाऱ्या, धड न झोपलेल्या मला त्या हसण्याचा रागच यायला हवा होता... नाही आला.

साक्रीच्या डोंगराकडच्या या आरोग्य केंद्रात औषधं आणि लसी मी सांभाळते. खरं सांगू? थकून गेले होते मी. मागितलेल्या गोळ्या येत नाहीत, न मागितलेली सिरपं मुदत संपता संपता येतात, आणि फ्रिजचं तापमान दिवाळीतही मलाच बघायचं. आई जामनेरला एकटी. बदलीचा अर्ज मी कधीच टाकून ठेवला होता.

आबा बरे झाले, तरी डबा न्यायला बादलच येत राहिला. कधी खिशातून टेंभुर्णीची फळं काढायचा, कधी आइसपॅक कानाशी नेऊन हलवायचा.

“वाजलं?”

“अजून नाही.”

“मॅडम, तुमी बी अशाच का? नुसत्या कडक?”

“कामाचं बोला,” मी म्हणायचे आणि उगाच खोकी सरकवायला उठायचे. कान गरम झालेले त्याला दिसू नयेत, म्हणून.

मग एका आढावा बैठकीत आमचं केंद्र तळाला गेलं. लसीकरणाची सत्रं उशिरा सुरू होतात, बाया वाट पाहून घरी जातात, आकडा पडतो. डॉक्टर परत आले ते चिडूनच.

“सुलक्षणा, बाकीचे डबा भरतात आणि निघतात. तुझंच काय हे?”

मी भांडले नाही. भांडायलाही अंगात जीव लागतो. पहिल्यांदाच मनात आलं – जाऊ दे, भरावा तसाच कडक बर्फ आणि द्यावा पाठवून.

पुढच्या सत्राच्या सकाळी कुलूप उघडायला गेले, तर बादल पायरीवर बसलेला. केसांत धूळ, डोळ्यांत झोप.

“इतक्या लवकर?”

“बर्फ काही घाई करत नाही, डॉक्टर काही थांबत नाही,” तो जांभई देत म्हणाला. “मंग मीच लवकर निघालो.”

बर्फाला घाम यायच्या माझ्या अर्ध्या तासासाठी हा माणूस अंधारात घाट उतरला होता! त्या दिवसापासून तो दर वेळी तसाच आला. सत्रं वेळेवर सुरू झाली, केंद्राचा आकडा चढला, आणि तो कसा चढला हे कोणी विचारलं नाही. मी मात्र त्याला भाऊ म्हणायचं सोडून दिलं.

आणि मग बदलीचा आदेश आला. जामनेर.

आइसपॅक टेबलावर मांडले आणि खाली बघूनच त्याला सांगितलं.

“चांगलं झालं,” तो म्हणाला. “आई एकली शे ना तठे.”

मग आम्ही दोघंही आइसपॅककडेच बघत राहिलो. पाणी टेबलाच्या कडेपर्यंत ओघळत आलं. बाहेर कोणीतरी बेंच सरकवला.

“मॅडम... पानी कव्हाचं वाजी ऱ्हायनं.”

“माहीत आहे.”

बर्फ अजून होता आत, लसीला धक्का नव्हता. पण मुद्दाम उशीर मी आजवर केला नव्हता. घाईघाईने डबा भरला.

“मी बी अर्ज टाकू का?” त्याने हळूच विचारलं. “जामनेरकडे?”

“जिल्हा बदलायचा म्हणजे वर्षं जातात, बादल...”

“थांबनं तुम्हीनच शिकाडं माले.”

तो डबा खांद्याला अडकवून दारापर्यंत गेला. त्याची ती पाठ बघवेना. इतका आवडत होता मला हा माणूस, आणि मी त्याला वर्षं मोजायला सांगत होते!

“मला नाही थांबवत,” मी म्हणाले. “रविवारी जामनेरला ये. आईला सांगून ठेवते.”

तो वळला. “काय सांगणार?”

“खरं ते.”

त्याने खांद्यावरचा डबा सावरला. मग तसाच हसला – पहिल्या दिवशीसारखा.

“किती वाजता येऊ?”

“लवकर.”