भाजीच्या टेम्पोवरचा कावळा

ज्याला पटणार नाही त्यानं इथंच थांबावं, माझी हरकत नाही. पण सणसरच्या कालव्यावर त्या सकाळी अख्खी भावकी हजर होती. कावळे सगळ्यांनी पाहिले. बाकीचं मला अनितानं सांगितलं. अनिता माझी सख्खी भाची. ती माझ्याशी कधी खोटं बोललेली मला आठवत नाही.

गेल्या वर्षीचा मार्गशीर्ष. ऊसतोड जोरात होती. भवानीनगरच्या साखर कारखान्याकडून वारं आलं की मळीचा आंबूस वास घरात शिरायचा.

अनिताची सासू रंगूबाई वारून नऊ दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी दहावा.

अनिताला एकच धास्ती होती... पिंडाला कावळा शिवेल का?

म्हातारीची कसली इच्छा राहिली, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

रंगूबाईच्या तोंडात दात नव्हता. दिवसभर हिरड्यांना मिश्री. त्याच तोंडात ती भाकरी घोळायची, लाळेत भिजवायची आणि तो काळपट लगदा बोटानं नातीच्या, छकुलीच्या तोंडात सारायची. आमची समदी पोरं अशीच वाढली, म्हणायची.

अनिताला शिसारी यायची. म्हातारी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं हगणंमुतणं अनितानं नाक न मुरडता काढलं. पण तो घास तिला बघवायचा नाही. तिनं छकुलीला म्हातारीजवळ जाऊ देणंच बंद केलं.

जाताना रंगूबाईचं बोट नातीकडं होतं. बोटावर लगदा वाळला होता.

हे सगळं नणंदेनं, बनाबाईनं पाहिलं होतं. ती चारचौघांत म्हणाली होती, "माझ्या आईला नातीला घास भरवायची चोरी. बघू आता, कावळा कसा शिवतोय."

कावळा शिवला नाही तर अनिता भावकीत तोंड दाखवू शकणार नव्हती.

अनिताचा नवरा गोकुळ टेम्पोतून बारामतीत भाजी विकतो. टेम्पोवर कर्णा. "भेंडी घ्या, गवार घ्या" हा त्यातला आवाज अनिताचाच. घरच्या कॉम्प्युटरवर तिनं तो भरला होता. गाणी भरायचं फुकट सॉफ्टवेअर, नवशिक्यालाही जमेल असं. लाल बटण दाबून बोलायचं. पडद्यावर आवाजाची निळी रेघ उमटते. नको तो तुकडा पुसायचा, हवा तो पुन्हा पुन्हा चिकटवायचा. त्यात तयार ढोलकीही होती. तो आवाज ऐकून गावातल्या दुसऱ्या टेम्पोवाल्यांनीही तिच्याकडून आवाज भरून घेतले होते.

म्हणूनच तिला ते सुचलं.

कावळ्याला कावळ्यानंच बोलवायचं.

दुपारी गोठ्याच्या पत्र्यावर एक कावळा येऊन बसला. अनितानं माईक मागच्या खिडकीत धरला आणि लाल बटण दाबलं. कावळा चांगला ओरडला. उडाला.

तिनं हेडफोन कानाला लावला.

काव... काव...

मग शांतता.

आणि मग... चपचप.

ओलं. सावकाश. हिरड्यांवर काहीतरी घोळत होतं. मधेच लाळ ओढल्याचा आवाज. मग घोट... जड घोट.

अनितानं तेवढी रेघ निवडली आणि पुसली. पडद्यावर रेघ सपाट झाली. तिनं पुन्हा ऐकलं.

सपाट रेघेतून चपचप येतच होती.

तिनं हेडफोन ओढून काढला. कान ओला लागला. हेडफोनचा स्पंज चिकट झाला होता. तिनं तो नाकाजवळ नेला...

मिश्री.

ती मोरीत जाऊन ओकली. पण उद्या दहावा होता. तिनं कावळ्याचाच आवाज तेवढा उचलला, पुन्हा पुन्हा चिकटवला आणि पेन ड्राइव्ह गोकुळच्या हातात दिला.

सकाळी कालव्यावर पिंड मांडले. छकुलीला सांभाळायला शेजारीण घरी बसली होती. टेम्पो बाभळीआड उभा.

कावळा नाही.

भटजींनी हात जोडले. गोकुळनं आईला हाका मारल्या, सगळ्यांचं नीट करीन म्हणाला. ऊन चढलं. पुरुष मंडळी घड्याळं बघायला लागली.

बनाबाई अनिताजवळ आली. "तू बोल की. आई कशासाठी अडलीय ते तुला ठावं हाय."

अनिताला ठाऊक होतं. आत्याबाई, तुमी भरवा छकुलीला... एवढंच म्हणायचं होतं. मेलेल्या बाईला हे कसं म्हणायचं? तिची जीभ उचलेना. तिनं गोकुळकडं पाहिलं. तो बाभळीआड गेला.

काव... काव...

आधी एक आला. मग बाभळ काळी झाली. म्हातारी माणसंही म्हणाली, एवढे कावळे कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

पहिला खाली उतरला आणि पिंडाला शिवला. माणसांनी सुटकेचा श्वास टाकला. बनाबाईनं डोळ्यांना पदर लावला. अनिताची अब्रू राहिली.

पण अनिता बघत होती.

एकही कावळा गिळत नव्हता.

चोचीत भात भरायचा आणि उडायचा... सगळे एकाच दिशेनं. वस्तीकडं. तिच्या घराकडं.

ती पायात चप्पल न घालता धावली.

शेजारीण दारात गहू निवडत होती. पोर मागं खेळतीय, म्हणाली.

छकुली मागच्या पायरीवर बसली होती. पाठमोरी. आजूबाजूला एकही कावळा नव्हता.

गाल टम्म फुगलेले.

अनितानं तिच्या तोंडात बोट घातलं. चावलेला भात बाहेर आला. कोमट, तार सुटलेला, काळपट. त्यात काळे तीळ होते... पिंडातले.

आणि तोच वास.

"आज्जीनं भरवलं," छकुली म्हणाली. "तू नगं म्हणाली न्हाईस आज."

त्या दिवसापासून छकुली घरात काही खात नाही. ताट पुढं केलं की मान फिरवते. दवाखान्यात दाखवलं, वजन वाढतंय म्हणाले. पोर चांगली बाळसेदार झालीय. गोकुळनं कॉम्प्युटर विकून टाकला, टेम्पोचा कर्णा काढला. काही फरक नाही. दुपारी ती मागच्या पायरीवर जाऊन बसते आणि येते तेव्हा तोंड हलत असतं. अनिता पदरानं तिचं तोंड पुसते आणि मोरीत जाऊन ओकते.

मध्यंतरी अनिता वरकुट्याला माझ्याकडं आली. खूप वाळली होती. काही खाल्लं तरी पोटात ठरत नाही म्हणाली. मग हळूच सांगितलं... आदल्या दुपारी छकुली पायरीवरून उठून आली, आईच्या मांडीवर बसली, तोंडातला घास बोटावर घेतला आणि तिच्या ओठांजवळ धरला.

"आज्जी म्हणती, आई लय वाळली. आई, आ कर."

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

अनितानं पदरानं ओठ पुसले.

"मामा, तेवढंच पोटात ठरलं," ती म्हणाली.

तिच्यासाठी आणलेला चहा मी तिच्यापुढं ठेवला. तिनं कप उचलला नाही. मीही माझा प्यालो नाही. खोलीत मिश्रीचा वास येत होता, आणि आमच्या घरात कुणी मिश्री लावत नाही.